छोट्या धंद्याची वही



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा पत्ता चुकला असावा असेच मला प्रथम वाटले. विषय होता लहान धंदे, त्यांना लागणारे शिक्षण व साह्य, आणि गावचे अर्थकारण. मी पडलो कामगार संघटनेचा माणूस. माझे आयुष्य कारखान्याच्या दाराशी उभे राहून घोषणा देण्यात गेले. दाराच्या आत बसलेल्याने धंदा कसा करावा हे त्याला सांगण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. म्हणून मी उलट टपाली कळवले की, या विषयाला एखादा अर्थशास्त्राचा प्राध्यापक बोलवा. चालकांचे उत्तर आले की, प्राध्यापक मागल्या वर्षी येऊन गेले. यावर बोलण्यासारखे काही उरले नाही आणि मी गाडीत बसलो.

शिवाय या प्रकारच्या व्याख्यानांचे माझ्यावर ऋणही आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. माझे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढचे जे काही झाले ते दादरच्या वाचनालयात आणि असल्या मंडपांत, मागच्या बाजूला उभे राहून झाले. उभे राहून अशासाठी की, पाळी सुटल्यावर बसले तर झोप लागत असे. आजही मागे काही मंडळी उभी दिसतात. त्यांच्याकडे बघून मी बोलणार आहे. पुढे बसलेल्यांनी राग मानू नये.

मी विषयाची सुरुवात माझ्या घरापासून करतो, कारण छोट्या धंद्याचे जे काही मला कळते ते तिथून कळले. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आई खाणावळ चालवीत असे. दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही पाच माणसे, आणि दोन्ही वेळा जेवायला येणारे अठरा ते वीस गडी. गिरणगाव ज्यांनी पाहिले नाही त्यांना हे पटायचे नाही. मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली ती १८५४ मध्ये. तेव्हापासून रत्नागिरीकडचा, साताऱ्याकडचा गडी एकटाच मुंबईला जायचा, बायकोपोरे गावी ठेवायचा. एकेका गाळ्यात वीस-वीस, तीस-तीस माणसे पाळीपाळीने झोपायची. मग या माणसाने जेवायचे कुठे? तर चाळीतल्या एखाद्या बाईकडे. तुमच्या या तालुक्यातले कितीतरी आजोबा अशा एखाद्या मावशीच्या भाकरीवर जगलेले आहेत. घरी गेल्यावर विचारून पाहा.

आता हा धंदा होता की नव्हता? सरकारच्या कोणत्याही दप्तरात तो नव्हता. आमच्या संघटनेच्या दप्तरातही नव्हता. आम्ही गिरणीतल्या माणसाचा पगार मोजला, महागाई भत्ता मोजला, बोनससाठी मोर्चे काढले. पण ज्या बाईने त्या माणसाला उभे ठेवले तिच्या मजुरीचा आकडा आमच्या एकाही मागणीपत्रात आला नाही. ही चूक आमची आहे आणि ती कबूल करूनच मी पुढे जातो.

खाणावळीची पैशाची रीत अशी होती. जेवणारा महिन्याचा पगार झाला की पैसे देणार. म्हणजे बाईने महिनाभर आधी खर्च करायचा. तांदूळ, ज्वारी, तेल, मसाला, रॉकेल, सारे वाण्याकडून उधारीवर. उधारीवर घेणाऱ्याला भाव विचारायचा अधिकार नसतो. वाणी देईल तो तांदूळ आणि सांगेल तो दर. त्यातून एखादा गडी आजारी पडून गावी गेला, एखाद्याची बदली भरली नाही, की महिन्याचे गणित मोडले. मग सावकार. माझ्या आईने रुपयाला दोन आणे महिना या दराने पैसे घेतलेले मला आठवतात. आणे चलनातून गेले होते, सावकाराच्या तोंडून गेले नव्हते. शंभर रुपये घेतले तर महिन्याला साडेबारा रुपये नुसते व्याज. आठ महिन्यांत मुद्दलाएवढे व्याज जायचे आणि मुद्दल जागच्या जागी. मंगळसूत्र वर्षातून दोनदा तरी घराबाहेर असे. आम्हा मुलांना वाटे की दागिने हे बाहेरगावी जाऊन येणारे पाहुणेच आहेत.

१९७३-७४ मध्ये गिरण्यांचा संप झाला. संपकऱ्यांना पगार नाही. पण भूक काही संपावर जात नाही. या बायकांनी उधारीवर आणलेले धान्य शिजवून संपकऱ्यांना वाढले आणि कर्जात बुडाल्या. ही गोष्ट ज्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिली त्यांच्यात प्रेमा पुरव होत्या. गोवा मुक्तीच्या लढ्यात पायाला गोळी लागलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या या बाईंनी १९७५ साली खाणावळवाल्यांची संघटना बांधली. तिचे नाव अन्नपूर्णा महिला मंडळ.

बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालेले होते. १९७२ पासून अगदी गरिबांना शेकडा चार दराने कर्ज देण्याची योजनाही कागदावर होती. म्हणजे योजना होती, पैसा होता आणि गरजू बाईही होती. तिघांची गाठ पडत नव्हती. बाईला बँकेची पायरी माहीत नाही, बँकेला बाईची चाळ माहीत नाही. बँक म्हणणार तारण आणा. बाई म्हणणार की माझ्याकडे परात आहे आणि दोन हात आहेत. पुरव यांच्या मंडळाने केले ते हेच की, बायकांचे गट बांधले आणि गटातल्या प्रत्येकीने दुसरीची हमी घेतली. पहिला गट चौदा बायकांचा होता. एका राष्ट्रीयीकृत बँकेने त्यांना कर्ज दिले. ते वेळेवर फिटत गेले, तशी पुढच्या गटांना वाट झाली. पुढे बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचे नाव या पद्धतीसाठी जगभर झाले. झाले ते चांगलेच झाले. पण लालबाग-परळच्या चौदा भाकरीवाल्यांची नावे कोणी पाठ केली नाहीत, याचे मला अजून वाईट वाटते.

माझी आई या कामात आली ती साधारण १९७९ च्या सुमारास. मी नऊ वर्षांचा. आईला अक्षरओळख नव्हती. हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांत असे. चाळीला रंग लावला की सगळी येणी पुसली जात! कर्ज घ्यायचे तर जमाखर्च हवा, म्हणून वही आली, आणि वही लिहायचे काम माझ्यावर आले. रोज रात्री आई सांगणार आणि मी लिहिणार: तांदूळ किती, तेल किती, कोण जेवला, कोण जेवला नाही. दोन महिन्यांनी शेजारच्या एका शिकलेल्या ताईने ती वही वाचून दाखवली आणि आई थक्क झाली. तिला वाटत होते की रविवारच्या मटणावर आपल्याला चार पैसे सुटतात. वहीप्रमाणे रविवारीच तोटा होत होता. आठवड्याची सारी कमाई त्या एका रश्श्यात जात होती. दुसरे असे निघाले की, दोन गडी महिन्याचे पैसे देत होते पण त्यांच्याबरोबर आलेले पाहुणे कोणाच्याच खात्यावर नव्हते. आणि तिसरे, सगळ्यांत मोठे: वाण्याच्या उधारीचा भाव आणि रोखीचा भाव यांत जो फरक होता तो जवळजवळ आमच्या खोलीच्या भाड्याएवढा होता.

कर्जाचे पैसे हाती येताच आईने आणि आणखी दोघींनी मिळून दाणाबंदरातून तांदळाचे पोते रोखीने आणले. ते पोते जिन्यावरून वर चढताना मी पाहिले आहे. मंगळसूत्र त्यानंतर बाहेरगावी गेले नाही, निदान १९८२ पर्यंत तरी.

येथे मला माझा मुद्दा सांगावयाचा आहे. लोक म्हणतात, गरिबाला भांडवल द्या की धंदा उभा राहतो. आईला भांडवल पूर्वीही मिळत होते. सावकार नाही म्हणत नव्हता. फरक पडला तो तीन गोष्टी एकदम आल्याने: स्वस्त पैसा, लिहिलेली वही, आणि बरोबर उभ्या राहणाऱ्या दोघी. नुसता पैसा आला असता तर रविवारचे मटण वाढले असते. नुसती वही आली असती तर आपण बुडतो आहोत एवढेच स्वच्छ अक्षरांत कळले असते.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. साठांहून अधिक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. त्या संपाच्या बऱ्यावाईटावर मी आज बोलणार नाही. त्यासाठी निराळी व्याख्यानमाला लागेल आणि निराळा अध्यक्ष, कारण सभा शांत राहणार नाही. मी एवढेच सांगतो की भोंगा थांबल्यावर गिरणीबाहेरचे काय काय थांबले. खाणावळ थांबली. नाक्यावरचा चहावाला, सायकल दुरुस्त करणारा, पानवाला, भाजीवाली, कपडे शिवणारा, पोस्टाबाहेर बसून मनिऑर्डरी लिहिणारा, हे सगळे एकामागून एक मंदावले. आणि तिकडे दोनशे मैलांवर तुमच्या बाजारपेठेतही त्याची झळ लागली, कारण मनिऑर्डर यायची थांबली. स्थानिक अर्थकारण म्हणतात ते हेच. पगार गिरणीत होतो, पण तो चार-पाच हातांतून फिरतो तेव्हा गाव जगते. मोठा कारखाना बंद पडला की वर्तमानपत्रात बातमी येते. त्याच्या सावलीतले छोटे धंदे बंद पडतात त्यांची बातमी कोणी देत नाही.

आईच्या वहीच्या शेवटच्या पानांवर एकोणीस नावे आहेत आणि प्रत्येकापुढे येणे रक्कम. बहुतेक परत आली नाही. माणसेच गावी निघून गेली. त्यांतला एक गडी बारा वर्षांनी, १९९४ मध्ये, आमचे घर शोधीत आला आणि दीडशे रुपये पुढे केले. आईने मला वही काढायला लावली. वहीत एकशे तीस होते. तिने वीस परत केले आणि मग त्याला जेवायला वाढले.

आता माझ्या स्वतःच्या एका चुकीविषयी सांगतो. ही गोष्ट मी आजवर सभेत सांगितलेली नाही.

२००२ च्या सुमारास एका गिरणीच्या कामगारांना स्वेच्छानिवृत्तीचे पैसे मिळवून देण्याच्या खटपटीत मी होतो. 'स्वेच्छा' हा शब्द त्यात कोणी घातला देव जाणे. भांडलो, खेटे घातले, रकमा वाढवून घेतल्या. एका सभागृहात धनादेशांचे वाटप झाले, पेढे वाटले, माझ्या गळ्यात हारही पडला. मी घरी येऊन शांत झोपलो. लढा संपला असे मला वाटले.

त्यांतला एक साचेवाला याच जिल्ह्यातला. सव्वीस वर्षे साचा चालवलेला माणूस. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून कोणता साचा बिघडला ते सांगायचा. त्याने गावी येऊन त्या पैशातून किराणा दुकान घातले. पाच-सहा वर्षांनी तो मला ठाण्याला भेटला, एका इमारतीच्या दाराशी, पहारेकऱ्याच्या कपड्यांत. दुकानाचे काय झाले, मी विचारले. त्याने जे सांगितले त्यात चोरी नव्हती, व्यसन नव्हते, फसवणूक नव्हती. गल्ल्यात पैसे दिसले की तो त्यांना नफा समजे. घरात साखर संपली की दुकानातून जाई, ती कुठे लिहिली जात नसे. भावकीला उधारी नाकारता येत नसे. माल भरायला पैसे उरले नाहीत तेव्हा फळ्या रिकाम्या झाल्या, आणि फळ्या रिकाम्या दिसल्यावर गिऱ्हाईक यायचे थांबले. विक्री आणि नफा या दोहोंत काय अंतर आहे हे सव्वीस वर्षांत त्याला कळायचे कारणच नव्हते. आणि ज्या आम्ही त्याच्या हातात आयुष्याची रक्कम ठेवली, त्या आम्ही ते सांगितले नाही. माझ्या आईची वही लिहिणारा मुलगा मी! मला तरी सुचायला हवे होते. तो मला म्हणाला, "साहेब, पैसे तुम्ही मिळवून दिलेत, ते उपकार मी विसरलो नाही." त्याने दोष दिला असता तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून या विषयाकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. आणि पाहू लागलो तसे आणखी एक ध्यानात आले, ते आमच्या संघटनेच्या मंडळींना अजून पटत नाही. ते असे की, छोट्या मालकाचे अज्ञान हे शेवटी मजुराच्या पगारातून वसूल होते.

उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरतो. आपापल्या गावच्या भावाने बदलून घ्यावेत. एक बाई पोळ्या करून विकते. हाताखाली एक मुलगी. दिवसाला दोनशे पोळ्या. पीठ साडेतीनशेचे, तेल एकशेवीसचे, गॅस एकशेतीस, कागद-पिशव्या पन्नास. सारे मिळून साडेसहाशे. एक हॉटेलवाला येतो आणि म्हणतो, रोजच्या दोनशे पोळ्या मी घेतो, पाच रुपये दराने, एकगठ्ठा. हजार रुपये! बाई म्हणते, साडेसहाशे खर्च आणि हजार आले, साडेतीनशे सुटले. ती खूश होऊन हो म्हणते. आता मला सांगा, मदतनीस मुलीची दिवसाची मजुरी चारशे धरली तर? साडेतीनशेतून चारशे कसे जाणार? खोलीचे भाडे, शेगडीची झीज, आणि बाईच्या स्वतःच्या आठ-नऊ तासांचे नाव तर आपण अजून काढलेलेच नाही. मग काय होते? मुलीला दोनशेच मिळतात, बाईच्या हाती दीडशे राहतात, आणि दोघींची मजुरी हॉटेलवाला रोज पोळीबरोबर खातो. मी जर त्या मुलीची बाजू घेऊन बाईच्या दाराशी घोषणा द्यायला गेलो, तर मी कायद्याने बरोबर असेन. पण तिच्याकडे द्यायला आहे काय? आधी तिला कळले पाहिजे की पाच रुपयांची पोळी हा सौदा नव्हे.

औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याचेही तेच. मोठ्या कारखान्याचे काम नगाप्रमाणे घेतो. शेजाऱ्याने दहा रुपये सांगितले म्हणून हा नऊ सांगतो. यंत्राचा घसारा धरीत नाही, स्वतःचा पगार धरीत नाही, वीज महिन्याच्या शेवटी बिल येईल तेव्हा बघू म्हणतो. उरलेला तोटा भरून काढायला त्याच्याजवळ एकच जागा असते: कामगाराचा जादा वेळ. मी कित्येक अशा मालकांशी भांडलो आहे. त्यांतले निम्मे लबाड होते हे खरे. पण उरलेल्या निम्म्यांना बेरीज येत नव्हती. लबाडाला कायदा दाखवावा. ज्याला बेरीज येत नाही त्याला कायदा दाखवून काय उपयोग?

कायद्याचे बोलणे निघाले म्हणून सांगतो. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्यात अशी तरतूद आहे की, छोट्या उद्योगाचा माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावेत आणि ती मुदत करार करूनही पंचेचाळीस दिवसांपुढे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, आणि तेही चक्रवाढ, व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी परिषदा आहेत. हे मी एका वसाहतीत सांगितले तेव्हा एक कारखानदार मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "दादा, कायदा मला पाठ आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर जाते." मला हसू आले, कारण हेच वाक्य मी कामगारांच्या तोंडून तीस वर्षे ऐकतो आहे: तक्रार केली की काम जाते. त्याला मी तेच उत्तर दिले जे कामगारांना देतो. एकट्याने करू नका. वीस जणांनी एका पत्रावर सह्या करा. छोट्या मालकालाही संघटना लागते, हे त्याला एका युनियनवाल्याकडून ऐकावे लागले याची त्याला थोडी लाजच वाटली.

शिक्षण म्हणजे काय, याचे एक उत्तम उदाहरण तुमच्याच जिल्ह्यात आहे. माणदेशात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचे ठरवले. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला. प्रवर्तक बायका निरक्षर, अंगठा उठवणाऱ्या, त्यांची बँक कशी चालणार? बायका घरी रडत बसल्या नाहीत. अक्षरे गिरवू लागल्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांनाच म्हणाल्या की, आम्हाला वाचता येत नव्हते हे खरे, पण व्याज मोजता येते. रक्कम सांगा, आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांना यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. पुढे त्यांनी बायकांना धंद्याचे शिक्षण देणारी शाळा काढली आणि वर्ग बसगाडीत घालून गावोगाव नेला. हा बसगाडीचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. बाजारच्या दिवशी दुकान सोडून ज्याला तालुक्याला जाता येत नाही, त्याच्यासाठी तालुक्यातले शिक्षण हे नसल्यासारखेच असते.

अहमदाबादेत त्याआधीच असे घडले होते. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये सेवा ही संघटना उभी केली ती मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या युनियनमधूनच. फेरीवाल्या, विडीवाल्या, चिंध्या वेचणाऱ्या. यांना मालकच नाही, मग ही युनियन कशी, असा आक्षेप निघाला होता. १९७४ मध्ये चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन बँक काढली. सही येत नाही म्हणून बँकेच्या पुस्तकावर प्रत्येकीचे छायाचित्र लावले. पुढे १९८१ मध्ये मजूर महाजनाने सेवेला बाहेर काढले. आमच्या चळवळीच्या इतिहासातले हे पान मला नेहमी अस्वस्थ करते. एक संघटना आपल्याच घरातल्या मुलीला ओळखू शकली नाही.

आता सरकारी मदतीविषयी. ती नाही असे मी म्हणणार नाही. जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ पासून आहेत. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून हाताला कसब मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा अठरा धंद्यांतल्या कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना आणली: पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, आणि शेकडा पाच दराने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज. योजना चांगली आहे. आमच्या सभासदांचे अर्ज मी स्वतः भरून दिले आहेत. माझी तक्रार निराळी आहे. सात दिवसांत माणसाला प्रमाणपत्र मिळते. धंदा अडतो तो सातव्या दिवशी नव्हे, सातव्या महिन्यात. दिवाळीचा माल अंगावर पडतो, मोठे गिऱ्हाईक पैसे थकवते, घरात लग्न निघते. त्या वेळी या माणसाजवळ बसून त्याची वही उघडणारा कोण आहे? प्रशिक्षणाचा फोटो निघतो. सातव्या महिन्यातल्या त्या बसण्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्याला तरतूदही नसते.

कोणी म्हणेल, आता सगळे मोबाईलवर आहे, पैसेसुद्धा मोबाईलवर येतात. येतात. भाजीवालीच्या गाडीवरचा तो चौकोनी ठिपक्यांचा कागद मी रोज पाहतो. पण त्याने एवढेच कळते की पैसे आले. गेले किती आणि उरले किती, ते अजून कोणालातरी लिहावेच लागते. आणि पीठाचा भाव वाढला म्हणून पोळीचा भाव केव्हा वाढवावा, हे तो कागद सांगत नाही.

म्हणून मी चालकांपुढे आज दुपारी एक गोष्ट मांडली आणि त्यांनी ती मान्य केली, ती सांगून पुरे करतो. वाचनालयाची खालची खोली गुरुवारी संध्याकाळी रिकामी असते. गावात निवृत्त बँक अधिकारी आहेत, वाणिज्य शाखेचे शिक्षक आहेत. त्यांतले तिघे आताच या मंडपात बसले आहेत आणि त्यांनी येण्याचे कबूल केले आहे. नावे घेत नाही, नाहीतर उद्या सकाळपासून त्यांच्या दाराशी रांग लागेल. ज्यांचे दुकान आहे, गाडी आहे, शिलाईयंत्र आहे, पोळ्यांचा धंदा आहे, त्यांनी आपली वही घेऊन यावे. वही नसेल तर गल्ल्यातल्या चिठ्ठ्या पिशवीत भरून आणाव्यात, त्याही चालतील. फी नाही, प्रमाणपत्रही नाही. ज्यांच्याकडे हाताखाली माणसे आहेत त्यांनी त्यांतल्या एकाला बरोबर आणावे, ही माझी अट आहे आणि चालकांनी ती जराशी कुरकुर करून मानली. पोळीचा हिशेब दोघींनी एकत्र बसून केला पाहिजे, म्हणजे मुलीला कळेल की बाई कुठे अडते आणि बाईला कळेल की मुलीचे दोनशे कुठे गेले. पहिल्या गुरुवारी मी येईन. आईची वही बरोबर आणीन. तिच्यातले अक्षर माझे आहे, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नये.